हलणाऱ्याची जागा

जे आपल्याला दिसत नाही त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? पूर्वी हा प्रश्न देवाच्या किंवा पितरांच्या संदर्भात विचारला जाई, आणि त्याचे उत्तर श्रद्धेवर सोपवून माणूस मोकळा होई. मला तो गेल्या काही वर्षांत दोन अगदी निराळ्या ठिकाणी भेटला. एक ठिकाण म्हणजे जंताच्या शरीरातील एका प्रथिनाची रचना शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांचे काम. दुसरे म्हणजे शाळेचा हजेरीपट. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकाला वाटेल. तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. प्रयोगशाळा मी आतून पाहिलेली नाही. जे कळले ते पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून. परंतु कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर ज्याला मुले शिकवायची आहेत त्याला जंत हा विषय टाळता येत नाही. पोट पुढे आलेले, हातापायांच्या काड्या झालेले, दुपारी दोननंतर डोळे मिटू लागणारे मूल वर्गात असतेच. भातलावणीच्या दिवसांत घरातली सारी माणसे अनवाणी चिखलात उभी असतात, आणि अंकुशकृमीची अळी तर तळपायाच्या कातडीतूनच आत शिरते. नेहमीचा जो गांडुळासारखा लांब जंत, त्याची अंडी मातीतून हाताला आणि हातातून तोंडाला लागतात. पोटात गेल्यावर अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात जाते, तेथून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात येऊन स्थिरावते. एवढा प्रवास करून आलेली मादी मग दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. तिच्या चिकाटीपुढे आपली चिकाटी फिकी पडते.

या जंताच्या अंगातील द्रवात एक हीमोग्लोबिन असते. आपल्या रक्तातही हीमोग्लोबिन असते. ते फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि अवयवांना नेऊन देते. उचलण्याइतकेच सोडून देणे हाही त्याचा गुण. जंताचे हीमोग्लोबिन मात्र प्राणवायू धरते ते सोडतच नाही म्हटले तरी चालेल. त्याची पकड आपल्या हीमोग्लोबिनच्या सुमारे २५,००० पट घट्ट आहे. असे का, याचा उलगडा १९९५ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील शास्त्रज्ञांनी केला. डुकराच्या पोटातील जंत, जो माणसाच्या जंताचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा आहे, त्याच्या हीमोग्लोबिनचा एक भाग त्यांनी स्फटिकरूपात आणला, त्यावर क्ष-किरण सोडले आणि अणूअणूची जागा निश्चित केली. तेव्हा असे दिसले की प्राणवायू जेथे बसतो तेथेच टायरोसिन नावाचे एक अमिनो आम्ल अशा बेताने उभे आहे की ते त्याला वरून धरून ठेवते. पुढे १९९९ साली असेही मांडण्यात आले की हे हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यासाठी नसून तो नष्ट करण्यासाठी आहे. आतड्याच्या कोंदट अंधारात राहणाऱ्या या प्राण्याला बहुधा प्राणवायूच नकोसा असतो.

येथे कोणीही सज्जन माणूस विचारील: ज्या देशात पोरांच्या पायांत चपला नाहीत आणि घराला संडास नाही, त्या जगात एका जंताच्या एका प्रथिनातील एका अमिनो आम्लासाठी माणसांनी वर्षेच्या वर्षे घालवावीत, हे न्यायाचे आहे का? प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो नेमका नाही असे मला वाटते. चपला आणि स्फटिक एकाच पेटीतल्या पैशातून येत नाहीत, आणि स्फटिक थांबवले म्हणून चपला आल्या असे घडलेले नाही. उलट बाजूचा दावाही मी करणार नाही. शाळेत आम्ही जी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना चघळायला देतो ती स्फटिकशास्त्रातून निघालेली नाही. ती १९७० च्या दशकात प्रथम जनावरांसाठी आली. जंताच्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला ती कोठे धरते, ही समज मागाहून वाढत गेली. तेव्हा ‘याचा उपयोग काय’ या वादात न शिरता मी निराळे विचारतो: या कामाची रीत काय आहे, आणि त्या रीतीत आपल्यासारख्यांनी शिकावे असे काही आहे का?

रीत अशी. एक रेणू इतका लहान की त्याच्या एकट्यावरून उलटून येणारा किरण नोंदण्याजोगा नसतो. म्हणून एकाच जातीचे कोट्यवधी रेणू एकाच दिशेला तोंड करून, ठराविक अंतरावर, ओळीत उभे राहावे लागतात. असे उभे राहिलेले रेणू म्हणजे स्फटिक. शाळेच्या मैदानावर कवायतीला मुले उभी राहावीत तसे. मग क्ष-किरण सोडला की सर्वांकडून मिळून आलेले ठिपके उमटतात आणि त्यांच्या कमीजास्त ठळकपणावरून गणिताने रेणूचे चित्र काढायचे. यातही मोठी अडचण अशी की ठिपका सांगतो ते फक्त लाट किती जोराने आली एवढेच. ती शिखरावर असताना आली की खळग्यात, ही अर्धी माहिती वाटेतच हरवते. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली घोड्याचे हीमोग्लोबिन हाती घेतले. हरवलेले अर्धे परत मिळवण्यासाठी प्रथिनाला पाऱ्याचा जड अणू ओळखीची खूण म्हणून चिकटवण्याची युक्ती त्यांना १९५३ साली साधली, आणि रेणूचा पहिला ढोबळ आकार दिसायला १९५९ साल उजाडले. बावीस वर्षे. १९६२ साली त्यांना नोबेल मिळाले, पण त्या बावीस वर्षांत ते मिळेल याची हमी कोणी दिली नव्हती. आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. मद्रासला गो. ना. रामचंद्रन यांनी १९५४ साली कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणांची वाट बांधली आहे. आणि आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या संशोधन केंद्रात, कर्करोगाशी संबंधित प्रथिनांचा असा अभ्यास चालतो. कर्जतच्या स्टेशनावरून ते अंतर एका सकाळचे आहे.

या साऱ्या रीतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, आणि तिची सगळीच अंगे स्थिर नसतात. शेवटची टोके, मधले काही सैल फासे हलत असतात. कोट्यवधी रेणूंत ते प्रत्येकी निराळ्या जागी असल्यामुळे त्यांचे ठिपके एकमेकांना पुसून टाकतात आणि शेवटच्या चित्रात त्या ठिकाणी काहीच उमटत नाही. जे ओळीत उभे राहिले ते दिसले. जे हलले ते दिसले नाही. चित्रात पोकळी आहे, पण प्रत्यक्षात तेथे पोकळी नाही. तेथे साखळी आहेच, फक्त ती एका जागी थांबलेली नाही.

अशा वेळी काय करावे? तीन वाटा आहेत. पहिली, त्या जागी काही नाही असे म्हणून साखळी तोडून पुढचे टोक मागच्याला जोडून द्यावे. दुसरी, तेथे काय असावे याचा अंदाज करून सुबक चित्र काढून ठेवावे. कादंबरी लिहिणारा असल्यामुळे या दुसऱ्या वाटेचा मोह मला चांगला ठाऊक आहे. माणसाच्या आयुष्यातला जो भाग दिसत नाही तो आम्ही लोक कल्पनेने भरतो आणि वाचक त्यालाच सत्य मानतो. स्फटिकशास्त्रज्ञांनी तिसरी वाट धरली. १९७१ साली प्रथिनांच्या रचनांचा एक जागतिक संग्रह सुरू झाला. सुरुवातीला त्यात सात रचना होत्या; आज दोन लाखांहून अधिक आहेत. त्यातल्या प्रत्येक नोंदीत, जी अमिनो आम्ले साखळीत आहेत पण चित्रात दिसली नाहीत त्यांची यादी क्रमांकांसह दिलेली असते. आणि मुख्य म्हणजे क्रमांक बदलत नाहीत. अडतिसाव्यानंतरची चार दिसली नाहीत, तर पुढच्याला त्रेचाळीसच म्हणायचे. एकोणचाळीस म्हणायचे नाही. न दिसणाऱ्याची जागा राखून ठेवायची.

ही केवळ टापटीप नव्हे. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर अल्बेंडाझोलच्या जातीची औषधे पुष्कळ ठिकाणी चालेनाशी झाली. याचे एक मोठे कारण असे सापडले की ट्यूब्युलिनच्या साखळीत दोनशेव्या जागी फेनिलॲलॅनिन असायचे, तेथे टायरोसिन आले आहे. या दोहोंत फरक एका ऑक्सिजन अणूचा. तेवढ्याने औषध निष्फळ होते. दोनशेवी जागा ही दोनशेवीच राहिली म्हणून जगातल्या कोणत्याही माणसाला ती बोट ठेवून दाखवता येते. मधल्या न दिसलेल्यांना कोणी गाळून टाकले असते, तर पुढचे सारे ज्ञान घसरले असते. अनुपस्थिताचा मान राखणे ही उपस्थितांविषयी खरे बोलण्याची अट आहे.

आता हजेरीपटाकडे येतो. २०१५ सालापासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. फेब्रुवारीत एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या सर्वांना गोळी. दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी, बाकीच्यांना चारशे मिलिग्रॅमची पूर्ण. कोणाच्या पोटात जंत आहे आणि कोणाच्या नाही हे तपासले जात नाही, कारण तपासणी गोळीपेक्षा महाग पडते. मुले ओळीत उभी राहतात, एकेक पुढे येते, आमच्यासमोर चघळते. ज्याला जंत नाही अशा मुलालाही औषध का द्यावे, ही शंका एखाद्या पालकाने काढली तर ती हसण्यावारी नेऊ नये. तिचे उत्तर असे की ओळ केल्याशिवाय गोळी पोहोचतच नाही. एकेकट्याला ओळखून देणारे हात आपल्याकडे नाहीत. ओळ हा दारिद्र्याचा उपाय आहे, पण उपाय आहे खरा.

परंतु ओळीने मिळणारे ज्ञान सरासरीचे असते. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर पाच वर्षे एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सहा-सहा महिन्यांनी जंतनाशक देऊनही बालमृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. कॉक्रेन नावाच्या संस्थेच्या २०१५ आणि २०१९ सालच्या पडताळ्यांतही, सरसकट गोळ्या दिल्याने मुलांचे वजन वा रक्त सरासरीने फारसे सुधारत नाही असेच निघाले. तज्ज्ञांत यावरून मोठे वाद झाले. त्याच संस्थेने २०१५ साली हेही म्हटले होते की ज्यांना जंत आहेत हे तपासून ठरले आहे अशा मुलांना गोळी दिल्यास त्यांचे वजन वाढण्याचा संभव आहे. म्हणजे ज्याच्या पोटात काही नव्हते त्याची बेरीज ज्याच्या पोटात गोळा होता त्याच्याशी करून भागाकार केला, की त्या दुसऱ्याचे बरे होणे कागदावरून पुसले जाते. आकडा खोटा नाही. तो फक्त त्या मुलाविषयी बोलत नाही.

आणि ज्याच्या पोटात गोळा असण्याचा संभव सर्वांत अधिक, ते मूल फेब्रुवारीच्या ओळीत उभेच नसते. आमच्या भागातल्या कातकऱ्यांची कहाणी सर्वश्रुत आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. कातावरूनच नाव पडले. जंगल गेले, कात गेला, राहिली ती वीटभट्टी. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा शेठकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी सारे कुटुंब भट्टीवर न्यायचे. हा अंक वाचकांच्या हाती असेल त्या सुमारास वाड्यांवरच्या झोपड्यांची दारे काट्याकुट्यांनी बंद होऊ लागलेली असतील. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठी, पनवेलकडे, कल्याण-भिवंडीकडे ही माणसे जातात आणि परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. गोळीचा दिवस नेमका मधे येतो. राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो, पण भट्टीचा हंगाम काही दिवसांचा नसतो. वाडीवर उरलेल्या म्हातारीला विचारले तर ती हात लांब करून म्हणते, “गेली गुरुजी, भट्टीव गेली.” कोणत्या भट्टीवर, ते तिलाही माहीत नसते. भट्टी ज्या गावात आहे तेथल्या यादीत ही मुले नसतात, कारण ती त्या गावची नव्हेत. आणि आपल्या गावच्या यादीत असली तरी ती तेथे नसतात. त्यांचे ठिपके दोन्हीकडे पुसले जातात.

येथेही त्याच तीन वाटा आहेत. सतत गैरहजर म्हणून नाव पटावरून कमी करावे. मग पट स्वच्छ दिसतो आणि टक्केवारी पूर्ण भरते. किंवा मूल आहे असे धरून हजेरी भरावी आणि गोळीपुढेही खूण करावी. तेही चित्र सुबकच होते. दोन्ही वाटांना कोणी रागावत नाही. तिसरी वाट कुरूप आहे: नाव ठेवायचे, क्रमांक ठेवायचा, आणि पुढे लिहायचे की हे मूल आहे, आज येथे नाही, याला गोळी मिळालेली नाही. अशा नोंदीने कोणाची शाबासकी मिळत नाही. पण तेवढीच नोंद खरी असते, आणि पुढे कोणाला त्या मुलापर्यंत जायचे झाले तर त्याच नोंदीवर बोट ठेवून निघता येते.

ही साम्ये दाखवताना एक गोष्ट मी विसरू इच्छित नाही. रेणू हलतो तो स्वतःच्या उष्णतेने. मूल हलते ते बापाच्या अंगावरच्या उचलीने. रेणूच्या हालचालीला कोणी जबाबदार नाही. मुलाच्या हालचालीला आहे. येथे उपमा संपते आणि नीती सुरू होते. शास्त्रज्ञ स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवतात, म्हणजे हालचाल कमी होते आणि चित्र स्पष्ट येते. आपल्या योजनाही बहुधा हेच मागतात: तुम्ही एका जागी थांबा, मग आम्ही तुम्हाला पाहू. परंतु पोटासाठी हलणाऱ्याला थांबायला सांगण्याचा अधिकार पाहणाऱ्याला कोठून आला? रेणूच्या बाबतीतही दुसरी वाट निघाली आहेच. स्फटिक न करता, पाण्यात मोकळे फिरणारे प्रथिन चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याची रचना काढता येते, आणि याच जंताच्या एबीए-१ या प्रथिनाची रचना २०११ साली तशीच काढण्यात आली. माणसांच्या बाबतीतही कोणी असे केले नाही असे नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. मूल थांबत नसेल तर शाळेने चालावे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ज्याला हे अशक्य वाटते त्याने नारू आठवावा. विहिरीच्या पाण्यातून अंगात शिरून वर्षभराने पायातून हातभर बाहेर येणारा हा जंत आपल्या आजोबा-पणजोबांना सुखाने चालू देत नसे. त्याच्यावर लस नव्हती, मारणारे औषध नव्हते, आणि त्याच्या कुठल्या प्रथिनाचे चित्र हाती होते म्हणून तो गेला असेही नाही. तो गेला कारण पाणी फडक्याने गाळले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, आणि घरोघर हिंडून एकेक रोगी शोधला गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. तेथे सरासरी कामाची नव्हती. शंभरांतले नव्याण्णव बरे झाले असते आणि एक राहिला असता, तर त्या एकाने विहिरीत पाय घातल्यावर सारे पुन्हा सुरू झाले असते. जो शेवटी राहिला, दूर राहिला, त्याच्यावरच सर्वांचे आरोग्य अवलंबून होते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. जे दिसत नाही त्याच्याविषयी आपले कर्तव्य असते, आणि त्याची पहिली पायरी फार लहान आहे: त्याची जागा दुसऱ्या कोणाला न देणे. जंताच्या एका प्रथिनातील न दिसलेल्या चार अमिनो आम्लांसाठी जे जगभरची माणसे करतात, ते चार कातकरी पोरांसाठी करायला प्रयोगशाळा लागत नाही. दुसरी पायरी अवघड आहे. तिच्यासाठी भट्टीपर्यंत चालत जावे लागते. शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई यांच्यापैकी कोणी ना कोणी ती चालते, पुष्कळदा कोणी न सांगता. फेब्रुवारीत ओळ संपल्यावर डब्यात गोळ्या उरतात. किती उरल्या ते मोजायला सांगितलेले असते. त्या कोणाच्या उरल्या, तेही मी क्रमांकाने लिहितो: चौथा, नववी, अकरावा, सोळावी.